हिल्काचे दोन भाऊ

हिल्का मोइलानेन आमच्या हौकिवाराच्या शाळेत स्वयंपाकीण होती. आज चाळिशी गाठलेली माणसंही तिच्या हातचं मटाराचं सूप खाऊन मोठी झाली आहेत. बोलायला फटकळ, पण एखादं पोर ताटातलं न खाताच उठलं, तर ते घरून रडून आलंय हे तिला न सांगता कळायचं. नवरा लवकर गेला. मुलगी पायवी शिकायला औलू शहरात गेली ती तिथलीच झाली. मग हिल्काचं म्हणून गावात उरले ते तिचे दोन धाकटे भाऊ.

मी उन्तो, गावचा टॅक्सीवाला. आमच्याकडे दवाखाना म्हणजे तासन्‌तासांचा जंगलातला रस्ता, त्यामुळे कुणाला काय झालंय हे पाद्रीबुवांच्या आधी मला कळतं. हिल्का आणि मी एकाच बाकावर बसून शिकलो. तिचे भाऊ तसे माझेही होतेच.

मधला तौनो. हिवाळ्यात रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी मोठी गाडी चालवायचा. उंचापुरा, लालबुंद आणि तोंडाने महावाह्यात. बायको त्याला सोडून स्वीडनला गेली तेव्हा म्हणाला, "तिकडे बर्फ कमी पडतो म्हणे. मी तरी काय करणार?" धाकटा रेइयो अगदी उलट. बिनलग्नाचा, तळ्याकाठच्या त्यांच्या जुन्या घरात एकटा राहून जाळी टाकायचा. सकाळी आलेल्या मासळीतली निम्मी गावातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या दाराशी ठेवायची आणि दार न वाजवता निघून जायचं, अशी त्याची रीत. त्याच्याइतका मऊ माणूस गावात दुसरा नव्हता.

सुरुवात त्याच्यापासून झाली.

शेजारच्या साइमा म्हातारीचं दफन उरकून आम्ही सगळे चर्चच्या सभागृहात कॉफीला बसलो होतो. मधल्या टेबलावर सायीचा केक होता, अजून कापायचा होता. रेइयो उठला, टेबलापाशी गेला आणि सरळ केकमध्ये हात घालून मूठभर काढून खायला लागला. साइमाचा नवरा भांबावून त्याच्याकडे बघत राहिला. रेइयो तोंड पुसत त्याला म्हणाला, "आता तुला पलंगावर ऐसपैस झोपता येईल."

हिल्काने त्याला बाही धरून बाहेरच्या खोलीत ओढत नेलं. मीही मागोमाग गेलो.

"लाज कोळून प्यायलास का रे?"

"केक चांगला होता."

"त्या बिचाऱ्याची बायको मेलीय!"

"हो," रेइयो म्हणाला, "आत्ताच पुरली ना."

त्याच्या डोळ्यांत ना खट्याळपणा होता, ना राग. एखाद्याने हवामान सांगावं तसं त्याने ते सांगितलं. हिल्काने त्याच्या तोंडाचा वास घेऊन बघितला. दारूचा थेंबही नव्हता.

पुढे ते वाढतच गेलं. तो दुसऱ्यांच्या जाळ्यातले मासे काढून आणायला लागला, आणि कुणी विचारलं तर "मला हवे होते" म्हणायचा. डब्यातली साखर चमच्याने खायचा. एकच सदरा महिना महिना अंगावर. निम्मं गाव म्हणालं चोरून पितो, उरलेलं निम्मं म्हणालं एकटा राहून डोकं फिरलं. ज्या म्हाताऱ्यांच्या दारात तो मासे ठेवायचा, त्यांनीच आता त्याला बघून दार लावून घ्यायला सुरुवात केली.

एकदा तौनोला मी कायानी शहराहून घेऊन येत होतो. तो म्हणाला, "उन्तो, रेइयो आईसारखं करतोय."

त्यांच्या आईबद्दल त्या घरात कुणी बोलत नसे. आम्ही लहान असताना ती अशीच बदलत गेली होती. लोकांच्या गोठ्यात शिरून दुधावरची साय खायची, कच्ची कणीक खायची, नाहीतर दिवस दिवस भट्टीपाशी बसून राहायची. मग एक दिवस तिला वेड्यांच्या इस्पितळात नेलं, आणि ती तिथेच गेली. हिल्का तेव्हा शाळकरी मुलगी होती. कुणी विचारलं की तिन्ही भावंडं पाठ केल्यासारखं सांगायची, "आई छातीच्या दुखण्याने गेली."

त्याच हिवाळ्यात तौनोच्या उजव्या हाताचा अंगठा ऐकेनासा झाला. आधी लाकूड कापायच्या यंत्राची दोरी ओढता येईना, मग सदऱ्याची बटणं. "थंडीने आखडलाय," म्हणायचा. मग जीभ जड झाली. शब्द लोळायला लागले. कुणीतरी पोलिसांना कळवलं की तौनो पिऊन बर्फाची गाडी चालवतो. तालुक्याच्या पोलिसाने त्याला रस्त्यात थांबवून नळीत फुंकायला लावलं. यंत्रावर शून्य.

"मग असा का बोलतोस?" पोलिसाने विचारलं.

"फुकट चढलीय," तौनो म्हणाला. "कशी ते मलाही सांग, म्हणजे पुढच्या वेळी पैसे वाचतील."

गावभर हा किस्सा त्याने स्वतःच सांगितला. पण मला सांगताना शेवटचं वाक्य त्याला दोनदा म्हणावं लागलं, कारण पहिल्यांदा मला ते कळलंच नाही.

औलूच्या मोठ्या हॉस्पिटलात मी तिघांनाही घेऊन गेलो. रेइयोला घरी एकटं ठेवता येत नव्हतं म्हणून तोही आमच्याबरोबर. डॉक्टरीणबाईंचं नाव तुओमाला. तपासताना तौनोचं शरीर सोडून त्यांची नजर पुन्हा पुन्हा रेइयोकडे जात होती. तो त्यांच्या टेबलावरच्या गोळ्यांच्या वाटीतून एकामागून एक गोड गोळी उचलून तोंडात टाकत होता.

"हा भाऊ का?" त्यांनी विचारलं. "कधीपासून असं?" मग हिल्काकडे वळून, "आणि तुमची आई कशाने गेली?"

"छातीच्या दुखण्याने," हिल्का म्हणाली.

तौनोने मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "सां... सांग गं," तो म्हणाला. "आता कुणापासून लपवतेस?"

तेव्हा हिल्काने पहिल्यांदा परक्या माणसापुढे आईबद्दल सगळं सांगितलं.

दोघांचं रक्त तपासायला गेलं. काही आठवड्यांनी पुन्हा बोलावलं, तेव्हा डॉक्टरांनी आम्हाला समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. म्हणाल्या, शरीर कसं चालवायचं याचा मजकूर प्रत्येक पेशीत लिहिलेला असतो. त्यात एका ठिकाणी सहा अक्षरांचा तुकडा येतो. बहुतेकांमध्ये तो दोन-चार वेळा येतो, कुणाकुणात वीसेक वेळा, आणि मजकूर पुढे सरकतो. या दोघांमध्ये तोच तुकडा शेकडो वेळा लिहिला गेलाय, कदाचित हजारावर. त्या लांबलेल्या शेपटीपायी पेशीत नको ते साचत जातं आणि पेशी मरतात. एखाद्यात स्नायूंना हलवणाऱ्या मरतात, मग हात, पाय, जीभ, शेवटी श्वास. एखाद्यात कपाळामागच्या मरतात, मग माणूस चालतो, खातो, पण तो स्वतः त्यात उरत नाही. कुणाकुणात दोन्ही. आपल्या देशात हा दोष फार पसरलेला आहे, कुण्या जुन्या पूर्वजापासून आला असावा.

"एकाच आईची पोरं," हिल्का म्हणाली, "एकच दोष, मग एकाचं शरीर आणि एकाचं डोकं, असं का?"

"ते अजून कुणालाच माहीत नाही."

"औषध?"

"रेइयोसाठी नाही. तौनोसाठी एक गोळी आहे. थोडे महिने वाढतील."

तौनो म्हणाला, "म्हणजे बाई, माझी पिन अडकलीय. तबकडी फिरतेय आणि गाणं पुढे जात नाहीये." बोलायला त्याला इतका वेळ लागला की विनोद संपेपर्यंत कुणाला हसावंसं वाटलं नाही.

निघताना डॉक्टरांनी हिल्काला वेगळं बसवलं. प्रत्येक मुलाला हा दोष मिळायची शक्यता निम्मी. छापा की काटा. "तुम्हाला स्वतःचं जाणून घ्यायचं असेल तर तपासता येईल. सक्ती नाही."

"कळून मी काय करू? काही उपाय आहे?"

"आज तरी नाही."

"मग राहू द्या," हिल्का म्हणाली. गाडीत बसल्यावर ती मला म्हणाली, "दोघांचं बघायचंय मला. तिसऱ्याला जागा नाही."

तिने शाळेची नोकरी सोडली आणि तळ्याकाठच्या घरात राहायला गेली, दोन्ही भावांना घेऊन. नगरपालिकेची मदतनीस दिवसातून काही वेळा यायची, पण बाकी सगळं हिल्कावर. मी रोज चक्कर टाकायचो. खिडकीशी खुर्चीत तौनो. त्याला सगळं कळत होतं, आणि बोटही हलवता येत नव्हतं. टेबलाशी रेइयो. बैलासारखी ताकद, आणि कळणं संपलेलं. तौनोला हिल्का पातळ पेज चमच्याने भरवायची. ती पाणी आणायला उठली की रेइयो उठून तौनोच्या पुढ्यातली वाटी उचलायचा आणि त्याच्याकडे बघत बघत संपवायचा. तौनो नुसता पाहत राहायचा. एकदा माझ्यासमोर हे झालं तेव्हा मी रेइयोच्या हातातून वाटी हिसकावून घेतली. तौनोने डोळ्यांनी मला त्याच्या पाटीकडे बोलावलं. ती एक पारदर्शक पाटी होती, तिच्यावर अक्षरं. तो ज्या अक्षराकडे बघेल ते आपण मोठ्याने म्हणायचं. एकेक अक्षर करत त्याने लिहिलं, "खाऊ दे. त्याला चव तरी लागते."

शनिवारची सॉना, म्हणजे गरम वाफेची अंघोळ, मात्र चुकायची नाही. सॉनाची खोली तळ्याच्या अगदी काठाला, घरापासून जरा खाली. तौनोला तिथे न्यायचं कसं, हा प्रश्न रेइयोनेच सोडवला होता. हिल्काने "उचल" म्हटलं की तो भावाला लेकरासारखा उचलायचा. हिल्का रेइयोचं कोपर धरून बरोबर चालायची. मला वाटतं आठवड्यातली तेवढीच वेळ ती जरा खूश असायची. "बघ," मला म्हणायची, "दोघं मिळून अजून एक धड माणूस होतंय की नाही?"

जानेवारीतल्या एका शनिवारी सॉना झाल्यावर रेइयोने तौनोला गोधडीत गुंडाळून उचललं. हिल्का म्हणाली, "तुम्ही व्हा पुढे, मी उरलेलं पाणी ओतून येते." मी घरामागे लाकडं फोडत होतो. मला वाटलं ते दोघं आत गेले. तेवढ्यात हिल्काची हाक ऐकू आली. ती हाक मी विसरणार नाही.

वाटेवर मधोमध तौनो बर्फात उताणा पडला होता. गोधडी सुटलेली, अंगातून अजून वाफा निघत होत्या. रेइयोने त्याला तिथेच ठेवलं होतं. तौनोला ओरडता येत नव्हतं. त्या दुखण्यात हसणं-रडणंही माणसाच्या ताब्यात राहत नाही, तसा तो पडल्या पडल्या हसत होता, खॅ खॅ खॅ, आणि डोळ्यांतून पाणी वाहून कानापाशी गोठत होतं. मी त्याला उचलून आत नेलं. किती हलका झाला होता तो.

आत रेइयो टेबलाशी बसून सॉसेज खात होता.

"तौनोला कुठे ठेवलंस?" हिल्काने विचारलं.

"बाहेर."

"का रे? का?"

"भूक लागली."

हिल्काचा हात वर गेला. रेइयोने मान वर करून त्या हाताकडे पाहिलं आणि पुढचा घास घेतला. तिचा हात तसाच खाली आला. मला म्हणाली, "मारू कुणाला रे उन्तो? मारलं तर लागणार कुणाला?"

त्या दिवसानंतर रेइयोला घरात ठेवणं शक्य नव्हतं. तौनोने पाटीवर लिहिलं, "त्याला पाठवू नको."

"मग काय करू? तुला मरू देऊ?"

"मला पाठव."

हिल्का बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. उणे वीस अंशांत, कोटाशिवाय. मी कोट नेऊन दिला तर म्हणाली, "जा आत, त्यांच्यापाशी बस." दोन भावांपैकी कुणाला घराबाहेर काढायचं हे तिने तिथे उभं राहून ठरवलं.

रेइयोला कायानीच्या सांभाळघरात मीच नेलं. हिल्का मागे त्याच्या शेजारी बसली होती. तिने त्याच्यासाठी नवा स्वेटर विणला होता. वाटेत पेट्रोल पंपावर त्याने आइस्क्रीम मागितलं, खाल्लं, आणखी मागितलं. सांभाळघराच्या दारात नर्सने हात धरला तसा तो तिच्याबरोबर चालू लागला. मागे वळून पाहिलं नाही. हिल्काने मनात बरंच काही बोलायचं ठरवलं असणार. ती नुसतीच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "त्याला मासे उकडून देऊ नका, तळून द्या."

परत येताना ती म्हणाली, "रडला असता तर सोपं झालं असतं."

तौनो वसंतापर्यंत टिकला. श्वासासाठी गळ्यात नळी घालायची का, असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा त्याने पाटीवर "नको" लिहिलं, आणि नंतर दम खाऊन, "पुरे." तळ्यावरचा बर्फ फुटून पाणी मोकळं झालं त्या आठवड्यात तो गेला. शेवटच्या सकाळी त्याचे डोळे पाटीवर काहीतरी शोधत होते. हिल्का अक्षरं म्हणत होती, मी म्हणत होतो. प्रत्येक अक्षराला तो डोळे मिटायचा, म्हणजे नाही. आम्ही पाटी जवळ नेली, लांब नेली, उजेडाकडे फिरवली. "तौनो, हे का? हे का रे?" त्याला काय सांगायचं होतं, त्याचं पहिलं अक्षरसुद्धा आम्हाला लागलं नाही.

दफनाला रेइयोला आणायचं का, यावर हिल्का बराच विचार करत होती. शेवटी आणलं नाही. पुढच्या भेटीत तिने त्याला सांगितलं, "तौनो गेला रे." तो म्हणाला, "कुठे?" आणि उत्तराची वाट न बघता टीव्हीकडे वळला.

मला वाटलं होतं, आता हिल्काचं सोसणं संपलं. उन्हाळ्यात, योहान्नुसच्या सणाला, पायवी घरी आली. एकटीच, नवऱ्याला न घेता. दोघी ओट्यावर बसून तळ्यातले छोटे मासे साफ करत होत्या. पायवी आईकडे बघतच नव्हती. हिल्काने मला नंतर सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "पायवी, तू रक्त तपासलंस."

"तू तुझं नको म्हणालीस, आई. मी माझं दिलं. आम्हाला मूल हवंय. मला कळायला हवं होतं."

"आणि?"

पायवी माशाच्या पोटात सुरी घालून तशीच बसली. तिच्या बापाच्या घराण्यात असलं काही नव्हतं. लेकीच्या रक्तात ते आहे, म्हणजे ते आलं कुठून, हे हिल्काला कुणी सांगायची गरज नव्हती. डॉक्टरांपुढे जे तिने ऐकायचं नाकारलं होतं, ते असं मासे साफ करता करता तिच्यासमोर आलं.

"माझ्याकडून गेलं तुला," ती म्हणाली.

"तू काही दिलं नाहीस गं. तुझ्या हातात होतं का?"

"तेच तर. माझ्या हातात कधी काय होतं?"

मग पायवीने विचारलं, "आई, तुला आधीच माहीत असतं, तर मला होऊ दिलं असतंस?"

हे सांगताना हिल्का माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसली होती. रस्त्याकडे बघत म्हणाली, "काय सांगायला हवं होतं रे मी? हो म्हटलं तर स्वार्थी ठरते. नाही म्हटलं तर पोरीला तोंडावर सांगितल्यासारखं, की तू नसतीस तर बरं. मी म्हणाले, कॉफी गार होतेय."

पायवी दुसऱ्या दिवशी परत गेली. शरीराबाहेर गर्भ तयार करून, पोटात ठेवायच्या आधीच तो तपासून घ्यायची सोय आहे म्हणे. पायवीचं आणि नवऱ्याचं अजून काही ठरत नाही. फोन येतात, पण छोटे. हवा कशी आहे, रेइयो कसा आहे.

हिल्का परत गावातल्या तिच्या घरात राहायला आली. दर आठवड्याला मी तिला रेइयोकडे नेतो. ती त्याची नखं कापते, केस विंचरते. तो तिला ओळखत नाही. निदान तसं दाखवत नाही.

गेल्या शरदात आम्ही लिंगनबेऱ्या, ती आंबट लाल फळं, वेचायला रानात गेलो होतो. वेचता वेचता तिने मान खाली ठेवूनच विचारलं, "उन्तो, माझ्यात काही दिसायला लागलं तर सांगशील?"

"सांगेन की."

"शपथ?"

"शपथ."

आम्ही पुन्हा वेचायला लागलो. दोघांच्याही मनात एकच आलं असावं. तौनोसारखं झालं, तर माझ्याआधी तिलाच कळेल. आणि रेइयोसारखं झालं, तर मी सांगूनही काही उपयोग नाही. मी घसा फोडून सांगितलं तरी ती शांतपणे ऐकेल, आणि तिला त्याचं काहीच वाटणार नाही.

तेव्हापासून मी तिच्याकडे बघत असतो. ती कप उचलते तेव्हा अंगठ्याकडे, जिना चढते तेव्हा पावलांकडे, कुणाशी बोलते तेव्हा तोंडाकडे. साठ वर्षांच्या ओळखीत तिच्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. तिलाही ते कळतं. परवा कॉफी ओतताना तिच्या हातून थोडी बशीत सांडली. तिने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

"किटली जड आहे," ती म्हणाली.

"जडच आहे," मी म्हणालो.